मुलांना रात्री झोप का येत नाही?



गेल्या पावसाळ्यातील एका रविवारची गोष्ट. सकाळच्या पहिल्या मिस्साला वेदीसेवा करणारा दहावीतील एक मुलगा प्रवचन सुरू असताना बसल्याबसल्या झोपी गेला. आम्ही प्रवचन थांबवले आणि सर्वांदेखत म्हणालो, "आमचे प्रवचन कंटाळवाणे असते हे मान्य, पण निदान घोरू तरी नये." सगळे चर्च हसले, आम्हीही हसलो. मुलगा कानापर्यंत लाल झाला. पुढचे तीन रविवार तो आलाच नाही.

चौथ्या आठवड्यात त्याची आई आम्हाला भेटायला आली. "फादर, आळशी नाही हो माझा पोरगा," ती म्हणाली. "रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टक्क जागा असतोय. मोबाईल मी दहालाच काढून घेते, तरी झोप नाही. नुसता वर बघत पडतोय. आणि सकाळी साडेपाचला उठवायला गेलं की दगडागत पडलेला. त्याचे पप्पा तोंडावर पाणी मारतात, तेव्हा कुठं उठतोय."

ज्यांना तो प्रसंग आठवत असेल त्यांनी मुलाला काही विचारू नये, ही विनंती. त्याच्या व त्याच्या आईवडिलांच्या परवानगीनेच आम्ही हे लिहीत आहोत. प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायात युतुख नावाचा एक तरुण भेटतो. संत पौल त्रोवस येथे मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिले, खिडकीत बसलेल्या युतुखाला गाढ झोप लागली आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौल धावत खाली गेले व त्यांनी त्याला कवटाळले. त्याला कोणी रागावल्याचे तेथे लिहिलेले नाही. हा उतारा आम्ही कित्येकदा वाचला आहे, आणि तरीही त्या रविवारी आम्हाला विनोद सुचला.

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो. ॲरिस्टॉटलने झोपेवर एक लहानसा ग्रंथ लिहिला आहे, जेवणानंतर उष्ण वाफा डोक्याकडे चढतात व थंड होऊन उतरतात म्हणून झोप येते असे त्याचे मत होते, हे आम्हाला पाठ होते. पण पंधरा वर्षांच्या मुलाला रात्री झोप का येत नाही याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. ते शोधण्यासाठी आम्ही थोडे वाचले, आपल्याच धर्मग्रामातील एका डॉक्टरांशी बोललो, आणि दृढीकरणाच्या वर्गातील मुलांना विचारले, "तुम्ही किती वाजता झोपता?" जी उत्तरे मिळाली त्यावरून हा लेख सर्वांसाठी लिहावा असे वाटले.

आपल्या मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या नसा जेथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या किंचित वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक बारीकसा पुंजका आहे. हे शरीराचे मुख्य घड्याळ. शरीराच्या पेशींत असे घड्याळ कसे चालते हे शोधल्याबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. अंधार पडल्यावर या घड्याळाच्या इशाऱ्याने मेलॅटोनिन नावाचे द्रव्य रक्तात पाझरू लागते आणि शरीराला कळते की रात्र झाली. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की ते थांबते.

मूल वयात येऊ लागले की हे घड्याळ उशिरा चालू लागते. जे मूल आठ वर्षांचे असताना नऊ वाजता पेंगत होते, त्याच मुलाला चौदाव्या-पंधराव्या वर्षी अकराच्या आत झोप येत नाही. फरक दोन तासांपर्यंतचा असू शकतो. विशीच्या आसपास हे उशिरा धावणे टोकाला पोहोचते व नंतर हळूहळू मागे येते. म्हणजे यात बंडखोरी नाही. आवाज फुटतो, मिसरूड फुटते, तसेच हे. मिसरूड फुटली म्हणून आपण कोणाच्या तोंडावर पाणी मारत नाही.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक आश्चर्याची वाटली. मुले मोठी झाली की त्यांना झोप कमी लागते, असे आपण धरून चालतो. अमेरिकेत मेरी कार्सकाडन या संशोधिकेने १९७६ पासून काही वर्षे उन्हाळ्यात मुलांची निद्राशिबिरे घेतली. तीच मुले वर्षानुवर्षे येत व त्यांना झोपायला दहा तास मोकळे मिळत. मुले वाढली तरी त्यांची झोप कमी झाली नाही, सगळी सुमारे सव्वानऊ तास झोपली. उलट वयात आलेली मुले तेवढी झोप घेऊनही दुपारी जास्त पेंगत. आजचे डॉक्टर तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप हवी असे सांगतात.

आता हिशेब करू. अकराला झोप लागली, आठ तास हवेत, म्हणजे सातला उठणे आले. पण सातला तर शाळेची घंटा होते, त्याआधी व्हॅन, आणि काहींचा त्याहीआधी क्लास. मूल साडेपाचला उठते. रोज दीड तास तूट, सहा दिवसांत नऊ तास. म्हणजे आठवड्यात एक अख्खी रात्र हे मूल झोपलेलेच नसते. मग रविवारी ते अकरापर्यंत झोपते आणि आपण म्हणतो, बघा कसे लोळतेय.

हा प्रश्न आपल्या राज्यात चर्चेला आलाच नाही असे नाही. डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी जाहीरपणे सांगितले की हल्ली मुले मध्यरात्रीपर्यंत जागी असतात, त्यांची झोप पुरी होत नाही, शाळांच्या वेळा बदलाव्यात. त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये शासनाने निर्णय काढला की २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. लहानग्यांची सोय झाली, आनंद आहे. पण चौथीनंतर काय? ज्यांचे शरीर त्यांना आपोआप लवकर झोपवते आणि लवकर जागे करते त्यांना नऊची शाळा मिळाली. ज्यांचे घड्याळ खरोखर उशिरा धावते ती आठवी-नववी-दहावीची मुले या निर्णयात नाहीत. शिवाय शाळेची इमारत एकच आणि पाळ्या दोन असतील, तर लहानांना उशिरा बोलावण्याचा सोपा मार्ग म्हणजे मोठ्यांना सकाळी आणणे. शाळाचालकांच्या अडचणी आम्ही जाणतो. एका वर्गखोलीत दोन पाळ्या बसवणे काय असते ते पाहिले आहे. तरीही निर्णयाचा रोख उलटा झाला, हे सांगितले पाहिजे.

अन्यत्र काय झाले? अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली शिफारस केली की वरच्या वर्गांच्या शाळा साडेआठच्या आधी भरू नयेत. कॅलिफोर्निया राज्याने तसा कायदा केला व तो २०२२ मध्ये अमलात आला. 'उशिरा शाळा म्हणजे पोरे आणखी उशिरापर्यंत जागणार' ही शंका तेथेही होती. सिएटल शहराने २०१६ मध्ये शाळेची वेळ ७.५० वरून ८.४५ केली, तेव्हा संशोधकांनी मुलांच्या मनगटावर उपकरण बांधून झोप मोजली. मुले रोज सरासरी ३४ मिनिटे जास्त झोपू लागली होती. मिळालेला बराचसा वेळ त्यांनी झोपेतच घातला.

आपल्या कोल्हापूरची आणखी एक गंमत आहे. भारताची प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर ठरते. कोल्हापूर त्याच्या सुमारे सव्वाआठ अंश पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटे धरली तर सूर्याच्या हिशेबाने आपण घड्याळाच्या ३३ मिनिटे मागे आहोत. भिंतीवर सात वाजतात तेव्हा रंकाळ्यावर अजून साडेसहाही झालेले नसतात. जानेवारीच्या मध्यात आपल्याकडे सूर्य सात वाजून पाच मिनिटांच्या सुमारास उगवतो, म्हणजे सातच्या शाळेत मुले अंधारातून जाऊन बसतात. संध्याकाळी मात्र उजेड उशिरापर्यंत राहतो आणि झोप पुढे ढकलतो. मौलिक जगनानी या अभ्यासकाने भारतभरची आकडेवारी तपासून दाखवले आहे की सूर्यास्त तासभर उशिरा होतो तेथे मुले सुमारे अर्धा तास कमी झोपतात, कारण सकाळची शाळा सगळीकडे घड्याळाच्याच वेळेवर भरते.

येथे वडीलधारी मंडळी आम्हाला थांबवतील. "फादर, आम्ही नाही का पहाटे उठलो? तालमीतली पोरं नाहीत का पहाटे चारला उठत?" बरोबर आहे. गंगावेश किंवा मोतीबाग तालमीतला पैलवान पहाटे अंधारात जोर-बैठका मारतो. पण तो रात्री किती वाजता झोपतो आणि दुपारी जेवून किती वेळ आडवा होतो, हेही विचारावे. वस्ताद जेवढे लक्ष खुराकावर ठेवतो तेवढेच झोपेवर. आमच्या सेमिनरीतही पहाटे घंटा होई आणि तिचा आम्हाला फार राग येई. पण रात्री दहाच्या आत दिवे बंद होत व दुपारच्या जेवणानंतर अर्धा-पाऊण तास सक्तीची शांतता असे. लवकर निजण्या-उठण्याची जी म्हण आपल्या आजीने आपल्याला पाठ करून घेतली, तिच्यात निजणे आधी आहे. आपण तिचा दुसरा अर्धा भाग तेवढा मुलांना ऐकवतो.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिले. कडक नियम, रात्रीतून उठून प्रार्थना करायची. तरीही हिवाळ्यात अर्ध्या रात्रीहून थोडी अधिक विश्रांती झाल्यावरच उठावे असे त्यांनी घातले आहे. आणि पहाटेच्या प्रार्थनेतील सुरुवातीचे एक स्तोत्र मुद्दाम सावकाश म्हणावे असेही घातले आहे, म्हणजे उठायला उशीर झालेल्यालाही वेळेत पोहोचता येईल. त्यांनी माणसांना झोप येते हे धरून नियम केले.

शाळेची वेळ आपल्या हातात नाही. पालक-शिक्षक सभेत हा विषय आपण जरूर काढावा, एका पालकाने काढला तर हसतील, दहा जणांनी काढला तर नोंद होईल. पण घर आपल्या हातात आहे, आणि तेथे आम्हाला जे दिसले ते फारसे बरे नाही.

आपल्यापैकी पुष्कळांची घरे दोन खोल्यांची. मूल झोपते बाहेरच्या खोलीत, आणि टीव्हीही तेथेच. वडील कामावरून साडेनऊला येतात, जेवतात, बातम्या लावतात, मग मॅच. मुलाचे अंथरूण अकरापर्यंत पसरताच येत नाही. मग आपण मुलाला विचारतो, लवकर का झोपत नाहीस? काही वडिलांना हे बोललेले आवडणार नाही, पण दिवसभर राबून आलेल्या माणसालाही दहा वाजता टीव्ही बंद करणे अशक्य नाही.

मुलींची झोप तर कोणी मोजतच नाही. वर्गातील एका मुलीने सांगितले की रात्रीची भांडी झाल्यावर ती दहाला अभ्यासाला बसते, आणि नळाला पाणी येते म्हणून पाचला आईबरोबर उठते. तिचा भाऊ साडेसहापर्यंत झोपतो. तिची तक्रार नव्हती, विचारले म्हणून तिने सांगितले. ज्या घरात असे चालते त्यांनी भांड्यांची आणि पाण्याची पाळी आजच बदलावी.

मोबाईलबद्दल सगळेच बोलतात. त्याच्या निळ्या प्रकाशाचा बोलबाला फार झाला आहे. प्रकाशाचा परिणाम होतो, परंतु आम्हाला वाटते खरा चोर त्यातला मजकूर आहे. एक संपले की दुसरे आपोआप सुरू होते, आणि ग्रुपवर आपल्याविषयी कोण काय लिहितो आहे या काळजीने मूल फोन खाली ठेवत नाही. त्यावर उपाय एकच चालतो असे दिसते: रात्री ठराविक वेळी घरातले सर्व फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला. सर्व म्हणजे आईवडिलांचेसुद्धा. गजरासाठी मोबाईल लागतो ही सबब असेल तर बाजारातून एक साधे गजराचे घड्याळ आणावे.

आपले शहर फुटबॉलवेडे आहे. पेठेतल्या संघांचे सामने दिवसा होतात, त्याला हरकत नाही. पण युरोपातले सामने आपल्याकडे रात्री साडेबाराला किंवा दीडला सुरू होतात. वर्षातून एखादा अंतिम सामना मुलाबरोबर बसून जरूर पाहावा, दर आठवड्याचा नव्हे. चहाचेही तसेच. चहा-कॉफीतील कॅफिन शरीरातून निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात. अभ्यासाला तरतरी यावी म्हणून रात्री आठला दिलेला चहा एक वाजता निम्मा शिल्लक असतो. टपरीवर मिळणाऱ्या एनर्जी ड्रिंकच्या बाटलीवर ते मुलांसाठी नाही असे बारीक अक्षरांत छापलेले असते. एकदा भिंग घेऊन वाचावे.

घड्याळ मागे आणायचे तर रात्रीपासून नव्हे, सकाळपासून सुरुवात करावी लागते. हे आम्हाला माहीत नव्हते. मुलाला नऊला अंथरुणात ढकलून काही होत नाही. त्याचे शरीर अजून झोपेला तयार नसते, ते नुसते तळमळते. उठण्याची वेळ रोज एकच ठेवावी, आणि उठल्यावर लवकरात लवकर उघड्यावरचा उजेड डोळ्यांत जाऊ द्यावा. अंगणात, गच्चीवर, सायकलवरून, कसेही. ढगाळ आभाळाचा उजेडही घरातल्या ट्यूबलाईटपेक्षा कितीतरी जास्त असतो. झोपण्याची वेळ एकदम न बदलता दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी अलीकडे आणावी. सुट्टीच्या दिवशी तासभर जास्त झोपू द्यावे, पण पाच तास नव्हे. सोमवार ते शनिवार साडेपाचला आणि रविवारी अकराला उठणारे शरीर दर आठवड्याला आखातापलीकडे जाऊन परत येते. तेथून येणाऱ्या आपल्या नातेवाइकांना विचारा पहिले दोन दिवस कसे जातात ते. दुपारी शाळेतून आल्यावर वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी चांगली, चार वाजल्यानंतरची नको.

एवढे सगळे त्या मुलाच्या आईने केले. टीव्ही बंद, फोन स्वयंपाकघरात, सकाळी गच्चीवर. दोन-तीन आठवड्यांत थोडा फरक पडला, पण मुलगा तरीही साडेबारा-एकपर्यंत जागाच. तेव्हा आमच्या डॉक्टरांनी सांगितले की झोपेची वेळ पुढे सरकणे वेगळे आणि खरा निद्रानाश वेगळा. पहिल्यात मूल उशिरा झोपते पण झोपले की छान झोपते. दुसऱ्यात दमलेले असूनही मन झोपू देत नाही. या मुलात दोन्ही होते.

आम्ही त्याला बोलावून घेतले. आधी माफी मागितली. ते सोपे नव्हते, त्यालाही आणि आम्हालाही. मग बऱ्याच वेळाने तो बोलला. वडिलांच्या फौंड्रीतील काम कमी झाले होते, आठवड्यातून तीन दिवस त्यांना घरी बसावे लागे. रात्री दिवा मालवल्यावर आईवडील हलक्या आवाजात बोलत: व्याज, फी, पुढच्या वर्षी अकरावीला कुठे घालायचे, की कामाला लावायचे. त्यांना वाटे पोरगा झोपला. पोरगा पडद्याच्या अलीकडे प्रत्येक शब्द ऐकत होता. त्यात आमच्या विनोदाची भर पडली. आता कुठेही, वर्गात, चर्चमध्ये, आपला डोळा लागेल आणि लोक हसतील, म्हणून रात्री झोप आलीच पाहिजे असे तो स्वतःला बजावत असे. आणि जितके बजावे तितका जागा होई.

येथे आमचे तत्त्वज्ञान थोडे कामी आले. मनात आणले तर हात उचलता येतो, पण मनात आणून झोपता येत नाही. झोप ही करण्याची गोष्ट नाही, होऊ देण्याची आहे. व्हिएन्नाचे डॉक्टर व विचारवंत व्हिक्टर फ्रँकल आपल्या निद्रानाशाच्या रुग्णांना उलटाच सल्ला देत: झोपायचा प्रयत्न सोडा, शक्य तितके जागे राहायचा प्रयत्न करा. प्रयत्नाचा ताण गेला की झोप आपल्या पावलांनी येते. अमेरिकेतील रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेली रीतही अशीच साधी आहे आणि डॉक्टर आजही ती वापरतात. अंथरूण फक्त झोपेसाठी, त्यावर अभ्यास नाही, फोन नाही, काळजी नाही. वीसेक मिनिटे झोप आली नाही असे वाटले तर उठावे, मंद उजेडात काहीतरी रटाळ करावे, डोळे जड झाले की परत यावे. पुन्हा झोप नाही, पुन्हा उठावे. घड्याळाकडे बघू नये, ते भिंतीकडे वळवून ठेवावे. काही दिवसांत शरीर शिकते की अंथरूण म्हणजे तळमळण्याची जागा नव्हे. आमच्या मुलाने रटाळ काम म्हणून इतिहासाच्या वहीत समास आखायला घेतले. वह्या संपल्या, असे त्याची आई सांगते.

पण सर्वांत मोठे औषध आईवडिलांनी दिले. त्यांनी एका संध्याकाळी, उजेडात, जेवणाच्या वेळी मुलाला समोर बसवून सांगितले की घरात अडचण आहे, किती आहे, आणि अकरावी होणार आहे. आकडे सांगितले. आईवडिलांनो, अंधारात कुजबुजून बोललेले सारे मुलांना ऐकू येते, आणि अर्धवट ऐकलेले पुऱ्यापेक्षा जास्त घाबरवते. काळजीच्या गोष्टी झोपण्याच्या वेळेच्या दोन-तीन तास आधी बोलाव्यात. मुलाला मनातले कागदावर लिहून वही बंद करण्याची सवय लावावी. तो मुलगा आजही काही रात्री जागतो. पण बहुतेक रात्री साडेअकरापर्यंत झोपतो.

काही मुलांना एवढ्याने उतार पडणार नाही. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री झोप नाही, असे तीन महिने चालले तर तो जुना निद्रानाश समजतात आणि डॉक्टरांकडे जावे. मूल मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे. रात्री पाय तळमळतात, हलवल्याशिवाय चैन पडत नाही असे सांगत असेल तर रक्तातील लोह तपासावे, विशेषतः मुलींचे. आणि मूल खात नसेल, मित्रांना टाळत असेल, जगण्यात अर्थ नाही असे काही बोलले असेल, तर तीन महिने थांबायचे नाही, तीन दिवसही नाही. आपल्या सीपीआरमध्ये मानसोपचार विभाग आहे. शासनाच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेले म्हणून कोणी वेडे ठरत नाही. मात्र आजोबांच्या झोपेच्या गोळीतली अर्धी गोळी मुलाला देणे, किंवा दुकानातून विचारून आणणे, हे कोणीही करू नये. तशी उदाहरणे आमच्या कानावर आली आहेत.

दहावी-बारावीच्या परीक्षा आता तोंडावर आहेत. कोल्हापूर विभागीय मंडळाचे सकाळचे पेपर अकरा वाजता सुरू होतात. रात्री तीनपर्यंत जागून किंवा तीनला उठून वाचण्याची त्यासाठी गरज नाही. दिवसा वाचलेले झोपेतच मेंदूत पक्के बसते, रात्र कापली तर वाचलेलेच कापले जाते. परीक्षेच्या आदल्या रात्री मुलाला अभ्यासाला उठवू नका.

आता आमच्या वाट्याचे. दृढीकरणाचा वर्ग आजवर रविवारी सव्वासहाला, पहिल्या मिस्साच्या आधी भरत असे. ही वेळ आमच्या सोयीची होती. पुढील रविवारपासून हा वर्ग दुसऱ्या मिस्सानंतर, दहा वाजता भरेल. आठवी ते बारावीच्या वेदीसेवकांना पहिल्या मिस्साची पाळी त्यांनी स्वतः मागितल्याशिवाय दिली जाणार नाही. त्या जागी वडीलमंडळींपैकी कोणी सेवा करू इच्छित असतील, आणि पहाटे उठण्याचा ज्यांना अभिमान आहे असे आपल्यात पुष्कळ आहेत, तर त्यांनी शनिवारपर्यंत ऑफिसमध्ये नाव द्यावे.